दहा दिवसांचा पाठपुरावा, दहा वर्षांचा पाय

पायाच्या फुगलेल्या शिरांवरच्या शस्त्रक्रियेबद्दल जळगाव-धुळ्याकडे दोन मतं ठामपणे ऐकू येतात. पहिलं जाहिरातीतलं: लेझर आलं, आता टाके नाहीत, दुखणं नाही, सकाळी या आणि संध्याकाळी घरी जा. दुसरं पारावरचं: नसांना हात लावू नये, पाय बधिर होतो, आणि एवढं करून नसा परत फुगतातच. दोन्ही मतांना थोडाफार आधार आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जगभर जमलेला पुरावा सलग वाचला तर दिसतं ते असं: जिवावर बेतणारी गुंतागुंत फार थोड्यांना होते, रेंगाळणारी, त्रास देणारी गुंतागुंत मात्र बऱ्याच जणांच्या वाट्याला येते. आणि या दुसऱ्या प्रकारचा मोठा भाग ऑपरेशनच्या टेबलावर ठरत नाही. आधी डॉप्लर तपासणी कशी झाली आणि नंतर पायाकडे किती काळ कुणी पाहिलं, यावर तो ठरतो. खान्देशात सुधारणेला सर्वांत जास्त वाव याच दोन ठिकाणी आहे.

शस्त्रक्रिया नेमकं काय करते, हे आधी पाहू. पायातलं रक्त वर चढवतात पोटरीचे स्नायू, आणि ते खाली उतरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. विहिरीतल्या मोटरीचा फूटव्हॉल्व्ह गळू लागला की पाइपातलं पाणी परत खाली येतं. जांघेतली किंवा गुडघ्यामागची झडप निकामी झाली की रक्ताचंही तेच होतं. त्वचेखालच्या शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याजवळची कातडी काळी पडते आणि शेवटी न भरणारा व्रण होतो. म्हणून गळती जिथे आहे तिथे मोठी सॅफेनस शीर बांधायची, हा मार्ग जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९० च्या सुमारास रूढ केला. १९०५ ते १९०७ या काळात अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी ती शीर ओढून काढण्याच्या पद्धती आणल्या. विसावं शतक संपता संपता शीर आतून जाळून बंद करणारी रेडिओफ्रीक्वेन्सी आणि लेझर ही तंत्रं आली. फेसाच्या औषधाचं इंजेक्शन आणि शीर चिकटवणारा ग्लू हे पर्यायही मिळाले. साधनं बदलली, हेतू तोच राहिला: निकामी शीर वाहतुकीतून बाद करायची आणि रक्त चांगल्या खोल शिरांकडे वळवायचं.

हा आजार कुणाला होतो, यावर गुंतागुंतीचं गणित थोडं अवलंबून आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्ये घड वाहणारे मजूर, धुळ्यातले यंत्रमाग कामगार, जळगावच्या सराफ पेढ्यांवर दिवसभर उभे असणारे विक्रेते, वाहतूक पोलीस आणि शिक्षक: तासन् तास उभं राहणं त्रास वाढवतं. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींमध्ये पुरुष जास्त दिसतात, पण त्यावरून बायकांना हा त्रास फारच कमी होतो असं म्हणता येत नाही. एडिंबरात १८ ते ६४ वयोगटातल्या १,५६६ जणांची तपासणी झाली तेव्हा मुख्य शिरांचा फुगवटा सुमारे ४० टक्के पुरुषांमध्ये आणि ३२ टक्के स्त्रियांमध्ये आढळला. दोघांमधलं अंतर रुग्णालयातल्या रांगेत दिसतं तेवढं मोठं नाही. गरोदरपणात सुरू झालेला त्रास अंगावर काढणारी बाई दवाखान्यात पोचते ती घोट्याला जखम झाल्यावर. आणि उशिरा आलेल्या पायावर, जिथे कातडी कडक झाली आहे आणि जखमेत जंतू आहेत, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होण्याची आणि जखम उशिरा भरण्याची शक्यता जास्त असते. उशीर हीच पहिली गुंतागुंत आहे, आणि ती ऑपरेशनच्या आधीच घडलेली असते.

शस्त्रक्रियेनंतरचे धोके कालक्रमाने पाहिले तर नीट कळतात. पहिल्या दिवशी रक्तस्राव, आणि शीर ओढलेल्या मार्गात रक्त साचून मांडी काळी-निळी पडणं. हे बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. जांघेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला इजा होणं अत्यंत दुर्मीळ, पण झाली तर गंभीर. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली असेल तर डोकेदुखी किंवा लघवी अडकणं. पहिल्या आठवड्यात जांघेच्या जखमेचा संसर्ग, आणि पहिल्या काही आठवड्यांत सर्वांना भीती असलेली गोष्ट: खोल शिरेत रक्ताची गुठळी, आणि ती सुटून फुप्फुसात जाणं. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात (२००४) ३७७ रुग्णांचे पाय शस्त्रक्रियेनंतर, कुणाची तक्रार असो वा नसो, सोनोग्राफीने तपासले. वीस जणांत, म्हणजे ५.३ टक्क्यांत, खोल शिरेत गुठळी सापडली. त्यांपैकी फक्त आठ जणांना काही लक्षण होतं, आणि बहुतेक गुठळ्या पोटरीपुरत्या होत्या. या आकड्याचे दोन अर्थ निघतात. मोठा धोका कमी आहे, हा पहिला. शोधलं नाही तर निम्म्याहून अधिक गुठळ्या कळतच नाहीत, हा दुसरा. 'आमच्याकडे कुणालाच गुठळी झाली नाही' असं एखादं रुग्णालय म्हणतं, तेव्हा त्यांनी शोधलं होतं का, असं विचारायला हवं.

सर्वांत जास्त नाराजी बधिरतेमुळे येते. मोठ्या सॅफेनस शिरेला गुडघ्याखाली त्याच नावाचा मज्जातंतू अगदी चिकटून असतो. शीर घोट्यापर्यंत ओढली की तोही ताणला जातो आणि पायाची आतली बाजू बधिर होते किंवा झिणझिण्या येत राहतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूर्ण शीर काढलेल्यांपैकी ३९ टक्क्यांमध्ये या मज्जातंतूला इजा दिसली. गुडघ्यापर्यंतच काढलेल्यांमध्ये ती ७ टक्के होती. एवढा फरक फक्त 'कुठे थांबायचं' या निर्णयाने पडतो. गुडघ्यामागच्या छोट्या सॅफेनस शिरेवर काम करताना पाऊल वर उचलणाऱ्या मज्जातंतूला धक्का लागला तर पाऊल लोंबकळतं. हे क्वचित घडतं, पण घडलं तर माणसाचं काम सुटतं. शेतमजुराच्या दृष्टीने पायाची आतली बाजू बधिर असणं आणि पाऊल न उचलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्हींना 'नस दबली' म्हणून एकाच खात्यात टाकणं बरोबर नाही. आणि ऑपरेशनआधी पायाची संवेदना तपासून लिहून ठेवली नसेल, तर नंतरच्या तक्रारीचं मूळ ठरवताच येत नाही.

सर्वांत लांबचा हिशेब परत फुगणाऱ्या शिरांचा. ब्रिटनमधल्या एका चाचणीत काही पायांची शीर फक्त बांधली आणि काहींची बांधून ओढून काढली. अकरा वर्षांनी, २००४ च्या अहवालात, तपासलेल्या पायांपैकी सुमारे ६२ टक्क्यांत शिरा पुन्हा दिसत होत्या. मात्र शीर ओढून काढलेल्यांना दुसऱ्या ऑपरेशनची गरज बरीच कमी पडली. यावर सर्जनांचा जुना आक्षेप आहे: हा आजार मुळातच वाढणारा आहे, नवी शीर निकामी झाली तर तिचं खापर जुन्या ऑपरेशनवर का फोडायचं? आक्षेप अर्धा खरा आहे. पुन्हा येणाऱ्या शिरांचे किमान चार प्रकार असतात: पहिल्या वेळी न दिसलेली गळती, दिसूनही नीट न बांधलेली गळती, जांघेत बांधलेल्या जागी उगवलेल्या नव्या बारीक शिरा, आणि आजार पुढे सरकल्याने बिघडलेली नवी शीर. शेवटच्या प्रकारात सर्जनचा काही दोष नाही, तिसऱ्यावर त्याचा ताबा थोडाच. पण पहिले दोन टाळता येण्यासारखे आहेत. सगळे एकाच 'परत आलं' मध्ये मोजले तर रुग्ण सर्जनला दोष देतो आणि सर्जन नशिबाला, आणि टाळता येण्यासारखं तसंच राहून जातं.

आता लेझरचा दावा. तो खोटा नाही. ब्रिटनमधल्या ११ केंद्रांवर ७९८ रुग्णांची 'क्लास' चाचणी झाली; २०१४ मध्ये आलेल्या अहवालात उपचाराशी थेट संबंधित गुंतागुंत लेझर गटात १ टक्का, फेसाच्या गटात ६ आणि पारंपरिक शस्त्रक्रियेत ७ टक्के होती. २०१३ पासून ब्रिटनची नाइस ही संस्था आधी उष्णतेने शीर बंद करणं, ते शक्य नसेल तर फेस, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया असा क्रम सांगते. पण त्याच चाचणीत गंभीर दुष्परिणामांचं प्रमाण तिन्ही गटांत साधारण सारखं, ३ टक्क्यांच्या आसपास होतं. लेझर आणि शीर काढणं यांची पाच वर्षांनी तुलना करणाऱ्या डेन्मार्कच्या अभ्यासात दोन्हीकडे जवळपास निम्म्या रुग्णांच्या शिरा पुन्हा दिसल्या. लेझरची स्वतःची गुंतागुंतही आहे: कातडी भाजणं, शिरेच्या मार्गावर दुखरी गाठ, काळपट डाग, आणि जांघेच्या तोंडाशी उष्णतेमुळे बनलेली गुठळी खोल शिरेत सरकणं. फेसाच्या इंजेक्शनने काहींना थोडा वेळ दृष्टी धूसर होते, आणि अगदी क्वचित मेंदूवरही परिणाम होतो. तंत्र सुधारल्याने पहिल्या महिन्याचा त्रास कमी झाला, पण पाचव्या वर्षाचा प्रश्न तिथेच राहिला. ज्या लहान गावात लेझर नाही तिथे चांगली डॉप्लर तपासणी करून, गुडघ्यापाशी थांबून केलेली साधी शस्त्रक्रिया ही तपासणीविना केलेल्या लेझरपेक्षा रुग्णाच्या जास्त हिताची आहे.

इथे खान्देशची एक खास अडचण येते. शिरांची डॉप्लर तपासणी म्हणजे झोपवून 'गुठळी नाही' एवढा शेरा देणं नव्हे. रुग्णाला उभं करून, पोटरी दाबून-सोडून, कोणत्या जागी रक्त किती वेळ उलटं वाहतं हे पाहायचं असतं आणि त्याचा नकाशा शाईने पायावर काढायचा असतो. खोल शिरा मोकळ्या आहेत का, हेही तेव्हाच कळतं. जुन्या गुठळीने खोल शीर बंद असेल तर वरच्या फुगलेल्या शिराच रक्त वाहून नेत असतात. त्या काढल्या तर पाय आणखी सुजतो. सर्जनने स्वतः ही तपासणी करावी, हा जगभरचा कल आहे. पण आपल्याकडे सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवावं लागतं आणि ते हलवण्यावर कडक बंधनं आहेत. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. इथे या कायद्याची धार बोथट करा असं कुणी म्हणू नये. म्हणून उपाय दुसरा हवा: रेडिओलॉजिस्टच्या नोंदणीकृत केंद्रात, शक्य तर सर्जनच्या उपस्थितीत, उभ्याने केलेली तपासणी आणि ठरलेल्या नमुन्यातला अहवाल, प्रत्येक पायाचा वेगळा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही; रेडिओलॉजिस्टला अर्धा तास जास्त द्यावा लागतो, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे वेगळे धरावे लागतात.

एक पाय की दोन्ही, हा प्रश्न इथे बहुधा पैशांवर सुटतो. दोन्ही एकदाच केले तर भूल एकदा, मजुरी एकदा बुडते, सोबत्याची खेपही एकच. हे कारण हलकं नाही, आणि निरोगी, चालत्या-फिरत्या माणसात दोन्ही पाय एका वेळी करण्याविरुद्ध ठोस पुरावाही नाही. पण तीन गोष्टी तराजूत टाकायला हव्यात. गुठळी टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्याच दिवशी चालू लागणं. दोन दुखऱ्या पायांनी माणूस अंथरूण धरतो. लेझरसाठी शिरेभोवती सोडायच्या द्रावणातल्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाला वजनानुसार मर्यादा असते, फेसाच्या एकूण मात्रेलाही असते. दोन पायांत ती लवकर गाठली जाते. आणि एका बाजूची पोटरी दुसरीपेक्षा सुजली, ही गुठळीची घरच्यांना कळणारी खूण दोन्ही पाय पट्टीत असले की नाहीशी होते. म्हणून वय, वजन, आधीची गुठळी, संततिनियमनाच्या गोळ्या आणि घरी सोबत कोण आहे हे विचारूनच निर्णय व्हावा, आणि तो संमतिपत्रात लिहिलेला असावा. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या स्त्रीरोगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की जिवाची तातडी नसेल तर दिलेल्या संमतीपलीकडची शस्त्रक्रिया करता येत नाही. एका पायाची सही दुसऱ्या पायाला चालत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

परदेशी आकडे जसेच्या तसे इथे लागू होणार नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. तो या युक्तिवादाला बळच देतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या भिल्ल, पावरा समाजांमध्ये सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला घोट्याजवळ व्रण होतो आणि तो शिरांच्या व्रणासारखाच दिसतो. त्याला रक्ताच्या गुठळीचा धोकाही जास्त असतो, आणि भूल देताना पाणी व ऑक्सिजन कमी पडू न देण्याची काळजी घ्यावी लागते. चोपडा, शिरपूर, साक्री, यावल भागातून पायाचा व्रण घेऊन आलेल्या तरुणाची साधी सिकल चाचणी आधी झालीच पाहिजे. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेमुळे ती आता दुर्मीळ राहिलेली नाही. दुसरा फरक उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर असताना तीन महिने घट्ट स्टॉकिंग्ज घाला, असा सल्ला कागदावरच राहतो. मग सल्ला न पाळल्याचा दोष रुग्णावर येतो, आणि तो पुढचा सल्लाही ऐकेनासा होतो. मुळात नाइसची सूचना अशी आहे की उपचारानंतर पट्टी किंवा स्टॉकिंग्ज द्यायचे असतील तर सात दिवसांपेक्षा जास्त नकोत. जे पाळता येईल तेवढंच सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. ज्याचा व्रण भरत नाही त्याने मात्र हिवाळ्याची वाट पाहू नये: २०१८ च्या 'एव्ह्रा' चाचणीत लवकर शीर बंद केलेल्यांचा व्रण मध्यकानुसार ५६ दिवसांत भरला, थांबलेल्यांचा ८२ दिवसांत. व्रणासाठी घट्ट पट्टीचा नियम वेगळा, तोही आधीच समजावून सांगावा लागतो.

या सगळ्या वेळापत्रकासमोर आपल्या पाठपुराव्याची मुदत ठेवून पाहा. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. कोणते उपचार कोणत्या रुग्णालयात बसतात हे वेळोवेळी बदलत आलं आहे, म्हणून ते योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. पण पॅकेजची चौकट नेहमीच छोटी राहिली: दाखल होणं, शस्त्रक्रिया, आणि घरी गेल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधं व तपासणी. टाके काढायला दहा दिवस पुरतात. गुठळीची मुदत त्यापुढे जाते, बधिरता ओसरते की राहते हे काही महिन्यांनी कळतं, आणि शिरा परत फुगतात त्या काही वर्षांनी. खासगी रुग्णालयांतही एकरकमी पॅकेजचा शेवट टाक्यांशीच होतो. धडगाव-मोलगीहून धुळ्याला आलेला रुग्ण दहाव्या दिवसानंतर परत येत नाही, आणि रुग्णालय त्याला बरा झाला असं धरून चालतं. गुंतागुंत कमी दिसण्याचं एक कारण हेही आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला साधनांचा: जिल्ह्यात रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ सर्जन मोजके, रेडिओलॉजिस्टकडे गर्दी, मग हे कोण करणार? पण इथे मागितलेल्या गोष्टी तज्ज्ञाच्या नाहीतच. घरी सोडताना मराठीत छापलेला एक कागद: एक पोटरी सुजली, दुखली, छातीत दुखलं, दम लागला, पट्टीतून रक्त आलं, पाऊल उचलेनासं झालं, तर वाट न पाहता दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा. दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात एक फोन. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाय दाखवण्याची चिठ्ठी, आणि गावातल्या आशाताईला त्याची माहिती. दुसरा आक्षेप भीतीचा: एवढे धोके सांगितले तर लोक ऑपरेशनच टाळतील आणि व्रण घेऊन बसतील. ही भीती खरी आहे, म्हणून सांगण्याची पद्धत महत्त्वाची. 'काही होत नाही' असं सांगून पाठवलेल्या माणसाला महिनाभर बधिरता राहिली की तो गावात सर्वांना सांगतो, आणि पारावरचं मत पक्कं होतं. 'थोडी बधिरता बऱ्याच जणांना येते, बहुतेकांची कमी होते. गुठळी थोड्यांना होते आणि लवकर कळली तर औषधाने आवरते' असं प्रमाणासहित सांगितलेल्या माणसाला तीच बधिरता फसवणूक वाटत नाही. लोक ऑपरेशन टाळतात ते धोका ऐकून कमी, आणि लपवलेला धोका शेजाऱ्याच्या पायावर पाहून जास्त.

शेवटचा प्रश्न आकड्यांचा. या लेखातले जवळपास सगळे आकडे एडिंबरा, न्यूझीलंड, डेन्मार्क आणि ब्रिटनचे आहेत. तिथला माणूस केळीचे घड वाहत नाही, ४५ अंशांत चालत नाही, आणि बहुतेकदा व्रण होण्याआधीच तपासणीला येतो. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्याकडे दोन्ही जिल्ह्यांतले, नंदुरबारच्या डोंगरातले आणि शेजारच्या तालुक्यांतलेही रुग्ण येतात. एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो, आणि फुगलेल्या शिरा हा त्यांचा नेहमीचा विषय; पण तीन वर्षांत विद्यार्थी बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर रुग्णांचा माग सुटतो. तोच माग विभागाने आपल्याकडे ठेवला, प्रत्येक पायाची एक नोंद, आधीचा डॉप्लर नकाशा, काय केलं आणि कुठे थांबलं, सहा आठवडे, एक वर्ष आणि पाच वर्षांची तपासणी, तर गुडघ्याखाली शीर ओढायची की नाही, दोन्ही पाय एकदम करायचे की नाही, या वादांना इथलंच उत्तर मिळेल. तोपर्यंत रुग्णाच्या हातात तीन प्रश्न आहेत, आणि ते ऑपरेशनच्या आधी विचारायचे आहेत: उभ्याने डॉप्लर झाली का, शीर कुठपर्यंत काढणार, आणि दहाव्या दिवसानंतर मला कोण पाहणार? लेझरचा दर विचारण्याआधी या तिन्हींची उत्तरं मागावीत. ती जिथे सरळ मिळतात तिथे साधी शस्त्रक्रियाही भरवशाची आहे; जिथे मिळत नाहीत तिथे महागडं यंत्र ती उणीव भरून काढत नाही.